मुसळाचा नवस

माझं पोट नेमकं कधी सुटलं ते मला सांगता येणार नाही. जव्हारला नोकरीवर आलो तेव्हा ते नव्हतं, आणि बाराव्या की तेराव्या वर्षी एकदा खालच्या फळीवरचा कागदांचा रुमाल काढायला वाकलो, तेव्हा ते माझ्या आधी तिथं पोचलेलं होतं. मधल्या काळात मी काय केलं, तर बसलो. संस्थानच्या दफ्तरखान्यात गादीवर मांडी घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत जुने कागद लावायचे, वाळवी लागलेले बाजूला काढायचे, त्यांच्या नकला करायच्या, हे माझं काम. घरी आलो की पांढराशुभ्र भात, त्यावर तूप, आणि शेवटी साखर घातलेलं दही. मी खादाड नव्हतो, पण ताटात पडलेलं टाकायचं नाही असं वळण होतं आणि ताटात वाढणारा हात सढळ होता.

गावात त्या पोटाला मान होता. कारकुनाला पोट आलं की त्याचं बरं चाललंय असं लोक धरून चालत. पाड्यांवरच्या माणसांचं गणित मात्र वेगळं होतं. त्यांच्यात पोट म्हणजे पानथरी, आत सुजलेली प्लीहा. हिवतापाच्या मुलखात पोट वाढतं ते तापानं, खाण्यानं पोट वाढलेला माणूस त्यांनी फारसा पाहिलेलाच नव्हता. पोशेऱ्याकडचा एक म्हातारा हद्दीच्या कागदासाठी आला होता, तो माझ्या पोटाकडे बराच वेळ कळवळ्यानं बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "पोटावर विळा तापवून डाग देऊन घ्या, दादा. जाईल." मला त्याचा रागच आला. आता विचार करतो तर त्या सगळ्या गावात माझ्या पोटाकडे आजार म्हणून बघणारा तो पहिला माणूस होता.

दुसरे संस्थानचे डॉक्टर. त्यांच्याकडे मी हौसेनं गेलो नाही. त्या वर्षी दोन दफ्तरं एक झाली आणि दोन कारकुनांना एकच गादी उरली. दुसरा कारकून माझ्याहून जुना, त्याचं अक्षर माझ्याहून वळणदार, त्यामुळं गादी त्याची हे सांगायची गरज नव्हती. मला फिरतीची जागा देऊ केली. मोखाड्याच्या बाजूनं संस्थानची हद्द जाते, तिथले दगड तपासायचे, पाड्यापाड्यांतून जाऊन कागद करायचे. सगळं काम पायी, सगळं डोंगरात. वरिष्ठांनी माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत डॉक्टरांचा दाखला आणा."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर मग गावी जा. विश्रांती घ्या."

गावी म्हणजे घाटावर, भावांच्या घरात. बायको आणि दोन मुली घेऊन भावांच्या पंगतीला जाऊन बसायचं, आणि तेही इतकी वर्षं संस्थानी नोकरीचा तोरा मिरवून झाल्यावर. मला ते मरणाहून वाईट वाटत होतं. आज वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं.

डॉक्टर स्वतः काटकुळे. त्यांनी माझं पोट टिचक्या मारून पाहिलं, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "रावसाहेब, हे पोट एक दिवस तुमच्या पोटावर पाय आणणार." मग ते मला गावाखालच्या ओढ्यापाशी घेऊन गेले. तिथून वर चढून यायचं आणि वर पोचल्यावर न थांबता दिडकी म्हणायची, ही त्यांची परीक्षा. त्यांचं म्हणणं असं की छातीत काय चाललंय ते नळीपेक्षा पाढा लवकर सांगतो. मी चढलो. वर आल्यावर "दीड, तीन, साडेचार" इथवर आलो आणि झाडाला धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी पुढचं ऐकण्याचा आग्रह धरला नाही.

पथ्य त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. तूप बंद, साखर बंद, पांढरा भात बंद. नागलीची भाकरी, कण्यांची पेज, पालेभाजी, पातळ ताक. आणि रोज तासभर अंगातून घाम निघाला पाहिजे, मग तो कसाही काढा.

नागली खोडाळ्याच्या बाजारातून आणवली. ती शेजारपाजारी कुणी पाहिली तर काय, म्हणून बायकोनं गुरांसाठी आणलीय असं सांगितलं. आमच्याकडं गुरं नव्हती. पहिल्या भाकरीचा घास मी किती वेळ चावत होतो ते मुली मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी मला भाताचा वास ओटीवर बसूनसुद्धा येऊ लागला. वाईट वाटायचं, अगदी डोळ्यांत पाणी यायचं. भातासाठी रडणारा चाळिशी उलटलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

घामाचं जास्त अवघड होतं. आषाढ चालू होता. त्या दिवसांत जव्हारला बाहेर पडायचं म्हणजे तांबड्या चिखलात पाय रुतवत जायचं. दोनदा गेलो, दोनदा पडलो. शिवाय छोट्या गावात काम नसताना चालणारा माणूस कुणालाच समजत नाही. भेटेल तो विचारी, "कुठं निघालात?" कुठंच नाही म्हटलं की तो थांबून आणखी विचारी. घरात जोर-बैठका काढून पाहिल्या, तर माळ्यावरून धूळ पडू लागली आणि मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

आमच्याकडं कांडणाला एक बाई येत असे. जामसरच्या वाटेवरच्या पाड्यातली, माझ्या बायकोपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असावी. रोज सकाळी मागच्या पडवीत येऊन ती दिवसाचं भात कांडायची, तांदूळ सडून पाखडून द्यायची. कांडपिणीची रीत तिकडं ठरलेली होती. तांदूळ घराचा, कणी आणि कोंडा कांडणारीचा. काम संपलं की ती ते पदरात बांधून निघून जाई. त्यावर कुणाला बोलावं लागत नसे.

एका सकाळी मी पडवीच्या दारात उभा होतो. बाहेर पाऊस, हवेत गारठा, आणि तिच्या मानेवरून घाम वाहत होता. तिच्या अंगावर चरबीचा कण नव्हता. मुसळ वर जाई, खाली येई, हात बदले, आणि तिचा श्वास जागचा हलत नसे. मला माझा तासभर सापडला.

दुसऱ्या दिवशी मी ती यायच्या आधी मुसळ हातात घेतलं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं म्हणतात. बायको मात्र भ्याली. पुरुषानं कांडायचं, तेही कारकुनानं, आणि परसदार सगळं उघडं. ती म्हणाली, "लोक विचारतील तेव्हा मी काय सांगू? आमच्या घरात आता बायकांना कामं होत नाहीत म्हणून?" तेवढ्यात ती बाई पडवीत आली आणि मला पाहून जागीच थबकली. बायकोनं क्षणभरही विचार केला नसेल. ती म्हणाली, "यांचा नवस आहे, बाई. दसऱ्यापर्यंत हेच कांडणार."

मला ते फार आवडलं. एका वाक्यात शेजाऱ्यांचीही सोय झाली आणि देवाचीही. त्या बाईनं उखळापाशी येऊन जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग खांबाला टेकून बसली. थोडा वेळ बसून निघून गेली.

पहिल्या आठवड्यात माझे तळहात फुटले. मुसळ उखळात कमी आणि काठावर जास्त पडे, भात पडवीभर उडे. जे उखळात राही त्याचेही तुकडे होत. बायको सूप हलवत म्हणे, "इकडून तांदूळ कांडला जात नाही, कणीच कांडली जाते." त्यावर माझं उत्तर तयार होतं. कणी तर मला पेजेला हवीच होती. तीच रोज शिजे, मी ती दोन वेळा पीत असे. उरलेली बायको मागच्या खोलीत मडक्यात साठवत होती. कोंडाही कशाला फुकट घालवा म्हणून डॉक्टरांना विचारून मी त्याची भाकरीत भेसळ केली. कोंड्याचा मांडा करून खाण्यात एक प्रकारचा अभिमान वाटू लागला होता.

ती रोज येत राहिली. पावसातून इरलं घेऊन यायची, इरलं भिंतीला टेकवायची, खांबाशी बसायची, माझ्या हातांकडे बघायची आणि जायची. मला वाटे, हिला गंमत वाटते आहे. एकदाच ती बोलली. मी मुसळ आपटून आपटून धापा टाकत उभा होतो, तेव्हा म्हणाली, "मुसळ पाडायचा नाय, दादा. उचलायचा आन् सोडायचा. तो आपला पडते." आणि सोडताना तोंडानं 'हुं' करून दाखवलं. श्वास आत धरून ठेवू नका, मुसळाबरोबर तोही सोडा, असा त्याचा अर्थ होता. मी तसं करून पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी न थांबता उखळाचा एक घाणा पुरा केला. डॉक्टरांच्या सगळ्या पथ्यापेक्षा मला त्या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला.

चरबीचा स्वभाव मला त्या पावसाळ्यात कळला. ती नको तिथून आधी जाते. आधी गाल गेले, मग मान, मग दंड. श्रावणात मला भेटणारा प्रत्येक जण ताप येतो का म्हणून विचारू लागला, आणि पोट मात्र जसंच्या तसं. मी करदोट्यावरून मोजत असे. आंघोळीच्या वेळी करदोट्याखाली बोट घालून बघायचं. कितीतरी दिवस एक बोट मुश्किलीनं जात होतं. हट्टी पाहुण्यासारखं ते पोट ठाण मांडून बसलं होतं. गणपतीत मी मोदकाला हात लावला नाही. मुलींनी माझ्यासमोर खाल्ले, मी ताक प्यायलो, आणि पाटावरच्या देवाचं ते गोंडस पोट पाहून मला त्याचाही मत्सर वाटला.

मग पितृपंधरवड्याच्या सुरुवातीला एक दिवस दोन बोटं गेली. पुढच्या आठवड्यात तीन. नवरात्र बसलं तेव्हा करदोटा कमरेवरून खाली घसरू लागला आणि मला त्याला नवीन गाठ मारावी लागली. त्या गाठीचा जेवढा आनंद झाला तेवढा मला बढतीचाही कधी झाला नव्हता. मी बायकोला बोलावून ती दाखवली. ती म्हणाली, "गाठ कळली. आता कोट आटवून द्यावा लागणार."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी डॉक्टर आपल्या तट्टावर बसले आणि मी ओढ्यापासून चढायला लागलो. चढताना मनात मुसळ चालू होतं. उचलायचं, सोडायचं, हुं. वर आलो, डॉक्टरांसमोर उभा राहिलो आणि दिडकी म्हटली. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, आणि तशीच पंधरापर्यंत. शेवटी त्यांना बरं वाटावं म्हणून अडीचकीही सुरू केली, तेव्हा ते म्हणाले, "पुरे." दाखला त्यांनी तिथंच तट्टाच्या खोगिरावर कागद ठेवून लिहिला. माझं उखळ पांढरं झालं होतं, शब्दशः आणि दुसऱ्याही अर्थानं.

दसऱ्याच्या सकाळी मी मुसळ हातात घेतलं नाही. दाखला कोटाच्या खिशात होता आणि मी पडवीत खांबाशी, तिच्या नेहमीच्या जागी, नुसता बसलो होतो. ती आली. मला बसलेला पाहून ती उखळाकडे बघू लागली, मग माझ्याकडे.

"फिटला काय नवस?"

"फिटला," मी म्हणालो.

"मंग मी कांडू?"

मी मान हलवली. तिनं इरलं ठेवलं, पदर खोचला आणि मुसळ उचललं. तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहिलं, त्या पावसाळ्यात पहिल्यांदा. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, आणि खाली येताना हातातून निसटून पडू नयेत म्हणून तिनं मनगटापाशी दोरा बांधला होता. मुसळ चारपाच वेळा नीट पडलं, मग ते काठावर आपटलं. ती थांबली, मुसळाला धरून उभी राहिली. पहिल्या दिवशी मी जसा झाडाला धरून उभा होतो तशी.

बायको दारात आली होती. तिनं विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"बरी हाय. हाताची सवय गेली."

"दुसरीकडं कांडत नव्हतीस?"

"हितलंच घर माझं. बाकीचे घरांच्या बाया त्याहींच्या ठरलेल्या."

"मग खात काय होतीस?"

"कडूकांद होते रानात. लय होते यंदा," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. ताप गेला का विचारल्यावर माणूस ‘गेला’ म्हणून सांगतो, तसं तिनं सांगितलं. कडूकांद मला माहीत होता. राख घालून उकडतात, पुन्हा पुन्हा वाहत्या पाण्यात धुतात, तरी त्याचा कडूपणा पुरता जात नाही. नाइलाज असेल तेव्हा लोक तो खातात.

मी विचारलं, "मग सांगायचं नाही का? रोज तर येत होतीस."

ती माझ्याकडे पाहू लागली. मला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं. "दुसऱ्याचे नवसाचे कामात हात नाय घालायचा, दादा. तोंडसुद्धा नाय. माझे पायी तुमचा नवस मोडला म्हंजे?"

"मग येत कशाला होतीस?"

"बघायाला. फिटला काय म्हनून."

मी दफ्तरखान्यातला माणूस. वाळवीनं खाल्लेल्या कागदातला राहिलेला शब्द मी लावून दाखवत असे. त्या तीनेक महिन्यांत मी करदोट्याखालची बोटं मोजली, गाठी मोजल्या, घासही मोजले. कणी कुणाची हे मात्र मला आठवलं नाही, आणि रोज दोन वेळा तीच तर मी पीत होतो. मुसळ केरात म्हणतात ते हेच. बायकोला वाटत होतं मी हिची काही सोय लावली असेल, मला वाटत होतं घरातून हिला काही मिळत असेल. आम्ही एकमेकांना विचारलंसुद्धा नव्हतं. मला त्या वेळी शरम वाटली, इतकी की दाखला असलेला कोट अंगावरून काढून ठेवावासा वाटला.

बायको आत गेली आणि ते मडकं उचलून घेऊन आली. जवळजवळ भरलेलं होतं. तिनं ते तिच्यापुढं ठेवलं. "हे घेऊन जा. सगळं तुझंच आहे."

बाईनं मडक्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकली. "ती नवसाची कणी. देवाची. ती माला कशी चालंल?"

"अगं, घे."

"नाय, बाई. पाप लागंल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. नवस तिनं उभा केला होता, पण मोडायचा तर मीच मोडायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं. नवस वगैरे काही नव्हता, मला माझं पोट कमी करायचं होतं. हे वाक्य मी मनात नीट जुळवलं. मग मला दिसलं की हे ऐकल्यावर तिला पुढचंही समजून घ्यावं लागेल. देवासाठी उपाशी राहिले हे ती सोसू शकत होती, सोसलंच होतं. कुणाच्या तरी अंगावर जास्त झालं होतं म्हणून उपाशी राहिले, हे तिनं कुठं ठेवायचं? असं मी स्वतःला सांगितलं. त्यात तिची काळजी किती आणि माझी भीती किती, ते मला आजही वेगळं करता येत नाही. मी गप्प राहिलो.

तिनं त्या दिवसाचं भात सावकाश, दोनदा बसून, पुरं केलं. मी मदतीला उठलो तर तिनं हातानंच नको म्हटलं. तांदूळ पाखडला. तिच्या कांडणात कणी फार पडत नसे, ओंजळभर निघाली. बायको त्यात चांगला तांदूळ मिसळायला गेली, तर तिनं पदराचं टोक आधीच बांधून टाकलं होतं. उद्यापासून तिला रोज जेवायलाही इथंच घालायचं, असं बायकोनं मला आत येऊन सांगितलं, आणि पुढं ती तसं करत राहिली.

इरलं घेऊन निघताना ती बाई पायरीवर थांबली. एवढे दिवस विचारता येत नव्हतं, आता नवस फिटला होता म्हणून विचारलं.

"देवापाशी काय मागलं होतं, दादा?"

बायको दाराआड होती. त्या बाईला माझं एकदा खोटं सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सांगवेना. आणि खरंही सांगवेना.

"पोटासाठी होता नवस," मी म्हणालो.

तिनं समजून मान हलवली. "आमचा पन त्याचसाठी असते," ती म्हणाली, आणि बांधलेलं पदराचं टोक पोटाशी धरून पायऱ्या उतरून गेली.